मदत हवी आहे : २२ पैकी ७ गाई लंगडतात. कोबा फोडू, मॅट टाकू की खुरं साळून घेऊ?

भीमाकाठ

गोठा खेड तालुक्यात, राजगुरुनगरच्या पुढे. दुभत्या २२ गाई, सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, मुक्त संचार पद्धत, म्हणजे गाई बांधत नाही, मोकळ्या असतात. पुन्हा पुन्हा विचारायला लागू नये म्हणून सगळं एकदाच लिहितो.

गव्हाणीपुढे ६० फूट लांब, १२ फूट रुंद कोबा आहे. पाच महिन्यांपूर्वी नवा केला, जाडी ४ इंच. गवंड्याने वरून सिमेंट भुरभुरून गुरमाळ्याने घोटून दिला, अगदी घरातल्या पडवीसारखा. त्यामागे ६० × ५० फुटांचं मुरमाचं आवार, पाण्याचा हौद त्यातच. दूध काढायची जागा कोब्याच्या टोकाला, काटकोनात वळून. तिथे ६ गाई एका वेळी उभ्या राहतात, खाली १७ मिमीच्या रबर मॅट आहेत.

कोबा झाल्यावर गाई घसरायला लागल्या, दोन गाई मागच्या पायांत फाकल्या. म्हणून दिवसाआड क्रशरची बारीक कच पसरतो. घसरणं थांबलं. कोबा रोज दोनदा पाइपने धुतो.

गेल्या दीड महिन्यात ७ गाई लंगडायला लागल्या. ताप नाही, लाळ नाही, तोंडात फोड नाहीत, लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर झालेली. पायाला वरून सूज दिसत नाही. १५ दिवस घमेल्यात मोरचुदाचं पाणी करून पाय बुडवले, काही फरक नाही.

प्रश्न : १) कोबा फोडून पुन्हा करावा का, की वर पेव्हर ब्लॉक बसवावेत? २) आणखी १० मॅट घेण्याइतके पैसे आहेत, त्या कुठे टाकू? ३) रविवारी ग्राइंडरवाला खुरसाळणीला येतोय, सगळ्या २२ गाईंची करून घेऊ ना?

खूरतपासणी

दादा, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण रविवार जवळ आहे. त्या माणसाला फोन करून थांबवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून काही गाईंचा तळवा आधीच झिजून पातळ झाला असण्याची दाट शक्यता आहे. त्यावर ग्राइंडर फिरला तर आज लंगडणारी गाय उद्या बसून राहील.

पुढची तपासणी खोड्यात (जनावर अडकवून धरायच्या चौकटीत) पाय बांधून करा आणि प्रत्येक गाईचं वेगळं लिहून ठेवा.

पाय धुवा, पुसा. दोन्ही नख्यांचा, म्हणजे खुराच्या दोन्ही भागांचा, तळवा अंगठ्याने जोरात दाबा, विशेषतः टोकाकडचा भाग. निरोगी तळवा दगडासारखा लागतो. अंगठ्याखाली तो किंचित जरी दबला तरी समजा जाडी ५ मिमीच्या आत आलेली आहे. तिथे चाकूसुद्धा लावायचा नाही.

मग नखीच्या भिंतीची लांबी मोजा. समोरच्या बाजूला केस संपून कठीण शिंग (खुराचं नखासारखं कवच) सुरू होतं तिथपासून टोकापर्यंत. एचएफमध्ये साधारण ७.५ सेंमी हवी. तुमच्या संकरित गाई अंगाने लहान असतील तर थोडी कमी चालेल. याहून आखूड असेल तर ती गाय झिजलेली आहे, वाढलेली नाही.

भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे पांढरट रेघ दिसते. तिच्यात काळा ठिपका, माती किंवा खडा अडकलाय का ते बघा. टाचेच्या जरा पुढे तळव्याच्या मध्यावर लालसर डाग किंवा खोलगट जखम आहे का? आणि मागून, दोन टाचांच्या मधल्या खाचेच्या वर, ओली लालभडक स्ट्रॉबेरीसारखी जखम आहे का?

कुठला पाय, कुठली नखी, गाय व्यायला किती दिवस झाले, हे तिन्ही लिहा. नखी कळली की अर्धं निदान झालं. मागच्या पायात वजन बाहेरच्या नखीवर जास्त पडतं, पुढच्या पायात आतल्या. फरशीचा मार बहुतेक वेळा मागच्या बाहेरच्या नखीवर दिसतो.

मावळातला

मोरचुदाने फरक पडला नाही याचं नवल वाटायला नको. पायधुणी जंतूंच्या आजारासाठी, म्हणजे ती टाचेमागची लाल जखम किंवा दोन नख्यांच्या मधली सड. झिजलेल्या तळव्याला किंवा आतल्या मुक्या माराला त्याचा काही उपयोग नाही. आपल्याकडे गाय लंगडली की पहिला हात मोरचुदाच्या डब्याकडे जातो, तो आधी खुराकडे जायला हवा.

भीमाकाठ

रविवारचं रद्द केलं. काल-आज सातही गाईंचे पाय बघितले.

चार गाई : मागच्या दोन्ही पायांत, बाहेरची नखी, टोकाकडे अंगठा दाबला की तळवा दबतो. भिंत ६.५ ते ७ सेंमी. जखम कुठेच नाही. कोब्यावर पावलं फार जपून टाकतात, मुरमावर गेल्या की बऱ्या चालतात.

दोन गाई : मागचा उजवा पाय, बाहेरची नखी, पांढऱ्या रेघेत काळा ठिपका. एकीत बारीक कचेचा कण अडकला होता, काढल्यावर थोडा काळपट पू आला.

एक गाय : व्यायला ७० दिवस. मागचा डावा पाय, बाहेरची नखी, तळव्याच्या मध्याजवळ एक रुपयाच्या नाण्याएवढा लाल डाग, दाबला की पाय झटकते.

स्ट्रॉबेरीसारखी जखम एकाही गाईत नाही.

खूरतपासणी

चांगली नोंद केलीत. म्हणजे तुमच्याकडे एक नाही, तीन आजार आहेत आणि तिन्हींची वाट त्याच कोब्यावरून जाते.

चार गाई झिजेच्या आहेत. खुराचं शिंग महिन्याला साधारण ५ मिमी वाढतं आणि साध्या जमिनीवर तेवढंच झिजतं. तुमचा कोबा गुळगुळीत होता म्हणून तुम्ही वर कच टाकली. खाली कठीण, वर बेसॉल्टची धारदार कच, हा चक्क सँडपेपर झाला. त्यात दोन वेळा धुणं. पाणी प्यायलेलं शिंग मऊ पडतं आणि मऊ शिंग जास्त वेगाने झिजतं. आवक महिन्याला ५ मिमी आणि खर्च ७ मिमी असला तर चार महिन्यांत तळव्याचं दिवाळं निघणारच.

दोन गाई पांढऱ्या रेघेच्या. ही रेघ म्हणजे भिंत आणि तळव्यामधला मऊ सांधा. गाय काटकोनात वळताना मागचा पाय जमिनीवर रोवून त्यावरच फिरते, तेव्हा हा सांधा पिळला जातो, फटीत कण शिरतो, आत पू होतो. दूध काढायच्या जागेचं तुमचं वळण इथे संशयित आहे. संध्याकाळी गाई मागून कोण हाकतं आणि कसं, तेही बघा. घाईत गाय मान वर करते आणि पाय कुठे पडतोय हे बघत नाही. स्वतःच्या चालीने निघालेली गाय पुढच्या पायाच्या जागीच मागचा पाय टाकते.

सातवी गाय तळव्याच्या जखमेच्या मार्गावर आहे. विण्याच्या सुमारास खुरातलं हाड धरून ठेवणारे बंध सैल पडतात. त्यातच गाय रोड झाली तर टाचेतली चरबीची गादी पातळ होते, आणि कठीण फरशीवर उभं राहिलं की ते हाड आतून तळव्याला चेपतं. लाल डाग दिसायला दोन-तीन महिने लागतात. आज दिसणारा डाग विण्याच्या आठवड्यातला आहे, म्हणून गेल्या आठवड्यात बदललेल्या खाद्याला दोष देऊ नका.

उपचार असे. चार पातळ तळव्यांच्या गाई कोब्यावरून काढा. मऊ, कोरड्या मुरमावर किंवा जाड गव्हाच्या काडावर ठेवा, वैरण-पाणी तिथेच. तळवा भरायला दोन ते तीन महिने लागतील, घाई करून उपयोग नाही. पांढऱ्या रेघेच्या दोघींचं काम जाणकार पशुवैद्यकाकडून करून घ्या. सुटलेलं शिंग काढून पू वाहता करायचा आणि निरोगी आतल्या नखीला लाकडी ठोकळा चिकटवायचा, म्हणजे दुखरी नखी अधांतरी राहते. सातवीलाही ठोकळाच. पण ठोकळा लावण्याआधी आतल्या नखीचा तळवा अंगठ्याने दाबून बघा. तीही पातळ असेल तर तिच्यावर सगळं वजन टाकणं म्हणजे एकीचं दुखणं दुसरीला देणं. सहा आठवड्यांच्या आसपास ठोकळा आपोआप निघाला नाही तर काढून टाकायचा.

वेदनाशामक डॉक्टरांकडूनच घ्या, मेलॉक्सिकॅम चालतं. खुराचं काम, ठोकळा आणि वेदनाशामक तिन्ही एकत्र दिले तर नव्या लंगडणाऱ्या गाई लवकर सावरतात. औषधाचा दूध न घालण्याचा काळ विचारून घ्या. कुणी जुना साठा काढून डायक्लोफिनॅक देऊ लागलं तर नको म्हणा. ते दिलेलं जनावर मेल्यावर खाणारी गिधाडं मरतात, म्हणून जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, आणि किटोप्रोफेन-एसिक्लोफिनॅकही २०२३ मध्ये बंद झालं.

गावात खुराचं काम करणारा कुणी नसेल तर १९६२ या पशुवैद्यकीय सेवेच्या फोन क्रमांकावर फोन करा. एखादी गाय हाताबाहेर गेली तर औंधचं जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय किंवा शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय, दोन्ही तुम्हाला गाडीने गाठता येतील.

कोबाकारागीर

पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. फोडू नका. ४ इंच जाड आहे, खालून भक्कम असेल तर त्यावरच खाचा पाडा.

आधी हातोडीने सगळीकडे ठोकून बघा. वरून भुरभुरलेलं सिमेंट सुटलं असेल तर पोकळ आवाज येतो. तो भाग खरवडून काढा, नाहीतर खाच पाडताना पापुद्रे निघतात आणि धारदार कडा राहतात.

खाच १० मिमी रुंद, १० मिमी खोल. एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ८ सेंमी. अंतर जास्त ठेवलं तर मधल्या सपाट भागावर आख्खं खूर मावतं आणि घसरतं. खाच फार रुंद केली तर नखीला खाली आधार राहत नाही. कडा गोल करायच्या नादात खाचेचा नुसता पन्हाळ करू नका, उभी कड असेल तरच खूर अडतं.

दिशा : ६० फुटांच्या लांबीला समांतर. गाई गव्हाणीच्या कडेने लांबीत चालतात आणि फाकतात आडव्या, त्यामुळे लांबीच्या खाचा फाकणं अडवतात. शेण ओढायचा फावडाही त्याच दिशेने जातो, अडखळत नाही. पण वळणावर गाय सगळ्या दिशांना पाय टाकते, तिथे तिरक्या खाचा एकमेकींना छेदून शंकरपाळ्याच्या आकारात घ्या.

हिशेब करून ठेवा. १२ फूट म्हणजे सुमारे ३६५ सेंमी, ८ सेंमीवर ४५ ओळी, प्रत्येक ६० फुटांची. २७०० रनिंग फूट झाले. कटरवाला दर रनिंग फुटावर सांगतो, त्यामुळे हा आकडा हातात असू द्या. हातातल्या ग्राइंडरने दोन समांतर काप घेऊन मधलं छिन्नीने उडवायची पद्धत छोट्या जागेला ठीक, २७०० फुटांना नाही. त्यात कडा वेड्यावाकड्या तुटतात. ढकलायचं काँक्रीट कटर भाड्याने मिळतं. पाणी सोडत कापा, धूळ छातीत जाते. तोंडाला मास्क आणि लाइनला ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच, ओल्या कोब्यावर विजेचं काम आहे.

कापून झालं की काम संपलं असं नाही. ट्रॅक्टरमागे जड काँक्रीटचा ठोकळा बांधून दहा-बारा फेऱ्या ओढा, कडांचे दात मोडतात. मग धुवा आणि उघडा तळहात कोब्यावर ओढून बघा. हाताला बोचलं तर खुरालाही झिजवणार, आणखी ओढा.

गवंडी ॲसिड टाकून खरबरीत करू म्हणेल. थोडे दिवस टिकतं, मग पुन्हा गुळगुळीत.

भीमाकाठ

कच आजपासून बंद करतो. पण खाचा पडेपर्यंत घसरणार त्याचं काय? आणि ओला कोबा असतानाच खाचा पाडल्या असत्या तर स्वस्तात झालं असतं का?

कोबाकारागीर

झालं असतं. ओतल्यावर कोबा अंगठा दाबला तर ठसा उमटेल पण बोट रुतणार नाही इतपत आवळला की लाकडी रंधा मारून सोडायचा, घोटायचा नाही. मग १० मिमीच्या चौकोनी सळया ८ सेंमीवर वेल्ड केलेली चौकट दाबत जायची. फक्त एक गोष्ट : सळई दाबली की दोन्ही कडांना काँक्रीट वर उचलतं, तो उंचवटा लगेच रंध्याने बसवला नाही तर वाळल्यावर त्याचीच करवत होते. शेजारी कुणाचा नवा कोबा होत असेल तर हे सांगा. आणि गाई सोडण्याआधी तीन आठवडे जाऊ द्या, दोन-तीनदा भरपूर पाण्याने धुवा. नव्या सिमेंटचा खार ओल्या खुराला मऊ करतो.

खाचा पडेपर्यंत कचेऐवजी लाकडाचा भुसा पसरा, रोज काढून नवा टाका. आणि धुण्याआधी शेण कोरडंच ओढून घ्या. पाइप दिवसातून एकदाच, उन्हाच्या वेळी, म्हणजे कोबा वाळतो.

गोठेवाली_शिरूर

मॅटचं बोलू का? दुकानदार सगळ्या गव्हाणीपुढे मॅट टाका म्हणेल, त्याचं बरोबरही आहे. गाय रबरावर लांब पाऊल टाकते, कमी घसरते. पण तुमच्याकडे १० मॅट आहेत, आणि ४ फूट रुंदीची एक धरली तर ६० फुटांना १५ लागतील. अर्धवट टाकल्या तर दांडग्या गाई त्या धरतात आणि लंगडी बाहेर कोब्यावर उभी राहते, म्हणजे ज्यांच्यासाठी आणल्या त्यांनाच मिळत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं, ४ मॅट वळणावर. तिथून प्रत्येक गाय दिवसातून चार वेळा जाते, पिळवटणं तिथेच आहे. उरलेल्या ६ गव्हाणीच्या एका टोकाला, आणि तेवढा भाग पाइप टाकून वेगळा करा, लंगड्या गाईंचा कप्पा. सात गाई त्यात मावतील, त्यांना गव्हाण मिळेल आणि मागे मुरूमही.

मॅट घेताना वरचा भाग खवल्यांचा किंवा खाचांचा बघा. गुळगुळीत मॅटवर शेण पडलं की ती घोटलेल्या कोब्यापेक्षा वाईट. खालच्या बाजूला पाणी जायला नाळ्या हव्यात. वळणावरच्या मॅट नुसत्या ठेवू नका, गाय फिरताना त्या सरकतात आणि कड उचलली की पाय अडकतो. वॉशर लावून अँकर बोल्ट मारा, बोल्टचं डोकं मॅटमध्ये बुडलं पाहिजे. बाकीच्या महिन्यातून एकदा उचलून खालचं मूत धुवा.

आणि मॅट टाकल्या की खूर कमी झिजणार, म्हणजे वाढणार. वर्षातून दोनदा खुरसाळणी लागेल. आज साळू नका म्हणतात ते आजच्यापुरतं.

खूरतपासणी

ताईंशी सहमत, एक भर. मॅटआधी गाय किती बसते ते मोजा. १० ते १४ तास बसायला हवी. दुपारी आणि पहाटे दोनच्या सुमारास चक्कर मारा, निम्म्याहून जास्त गाई बसून रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. उभ्याच असतील तर बसायची जागा बरोबर नाही. तुमच्या मुरमावर स्वतः गुडघे टेकून धपकन बसून बघा. गुडघा दुखला तर जागा कठीण, पँट ओली झाली तर जागा ओली. याला यंत्र लागत नाही.

मार्च ते मेमध्ये उकाड्याने गाय जास्त वेळ उभी राहते. बसली तर अंगाला वारा लागत नाही. त्यात गव्हाणीवर फवारे असतील तर उभी आणि ओली, दोन्ही. उन्हाळ्यातल्या या उभ्या तासांचं लंगडणं पुढे पावसाळ्यात दिसतं आणि खापर चिखलावर फुटतं. पंखे बसायच्या जागेकडे वळवा.

मावळातला

चिखलही काही साव नाही हो. आमच्या बाजूला जुलैत आवाराची भाजी होते.

मुरमाचं आवार मधून उंच आणि कडेला उतरतं ठेवा, १०० फुटाला ३-४ फूट उतार. बारीक, मातकट मुरूम ६ इंच थर टाकून पाणी मारून रोलरने बसवा. ठिसूळ दगडाचे गोटे वेचून काढा. गोटा मऊ मुरमात पायाखाली दबून आत जातो, पण तोच खुरात अडकून कोब्यावर आला की खाली सरकायला जागा नाही, तळव्याला मुका मार बसतो. म्हणून मुरूम आणि कोबा जिथे मिळतात तिथे आडवा कठडा बांधा. गाय पाय उचलून ओलांडते, खडे अलीकडेच गळतात. कठड्याच्या कोब्याकडच्या बाजूला रोज झाडू.

हौदाभोवती ८-१० फूट खरबरीत कोबा, खाचांसह. तिथे पाणी सांडणारच, मुरूम टिकत नाही.

पेव्हरचं विसरा. गाईच्या खुराखाली एकेक ब्लॉक खचतो, कडा वरखाली होतात, फटीत मूत मुरतं. शहरातल्या फुटपाथवर काय अवस्था होते ते रोज बघतोच की.

भीमाकाठ

सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं : या आठवड्यात कच बंद, भुसा चालू, चार गाई मुरमावर वेगळ्या. डॉक्टर गुरुवारी येतायत, तिघींचं काम करतील. कटरवाला पुढच्या आठवड्यात, तेव्हा गाई दोन दिवस आवारातच. मॅट ताईंनी सांगितल्याप्रमाणे ४ + ६.

दोन शंका राहिल्या. बाकी १५ गाईंमध्ये नवीन लंगडणारी लवकर कशी ओळखायची? आणि कठडा किती उंच, गाभण गाईंना त्रास नाही ना होणार?

खूरतपासणी

दर १५ दिवसांनी दूध काढून परत जाताना बाजूने बघा आणि १ ते ५ आकडे द्या. पाठ उभी असतानाही सपाट, चालतानाही सपाट, १. उभी असताना सपाट पण चालताना कमान, २. दोन्ही वेळा कमान आणि पावलं आखूड, ३. एखादा पाय उघड वाचवते, ४. पाय टेकतच नाही, ५. पुष्कळजण ४ झाल्यावर धावपळ करतात. तुम्ही ३ वरच पाय उचलून बघा, तेव्हा ठोकळ्याने काम भागतं. २ आल्या की नाव लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तिच्याकडे आधी बघा. कोबा ओला असताना आकडे देऊ नका, घसरायच्या भीतीने चांगली गायही पाठ वाकवून चालते.

मावळातला

कठडा ६ इंच. ८ पर्यंत चालतो, त्याहून उंच नको. वरची कड गोल करा, रुंदी वीतभर. गाभण गाय सहज ओलांडते, फक्त दोन्ही बाजूंना चार-चार फूट सपाट जागा सोडा, चढावर कठडा घेऊ नका. आणि तो बांधताना पाणी निघायला मध्ये २ इंची पाइप टाकायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच पावसात कठड्यामागे तळं होईल.